डोहाळ्याचे मासे

"आता मी जे सांगून राहिलो, त्याच्यावर तुमचा कोणाचाच विश्वास बसणार नाही," सुपडू म्हणाला, आणि ओट्यावर बसलेल्या तिघांनी एकदमच माना डोलावल्या. विश्वास बसणार नव्हताच. सुपडूचं वय पासष्टच्या पुढे, त्यातली निदान पन्नास वर्षं तो याच वाक्यानं गोष्टीला हात घालत आला होता. तापीच्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून भुसावळला चहा पिऊन आलेला माणूस तो. सहा-सात महिन्यांपूर्वी राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तेव्हा फायलींनी भरलेली गाडी चांदनीच्या स्टेशनात थांबवून साहेबांनी "सुपडूभाऊ, नेऊ का नको?" असं आपल्याला विचारल्याचंही तो सांगे. दोन्ही गोष्टी गावाला तोंडपाठ होत्या. लोक त्या पुन्हा पुन्हा सांगायला लावत, आणि दर खेपेला म्हैस एक स्टेशन पुढे जाऊन येई.

आज मात्र त्याला कोणाला हसवायचं नव्हतं. ओट्याच्या मध्यावर, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं एक टोपलं होतं. त्यात गावच्या तलावाचे सुके मासे होते. ऊन कललं की बैल जुंपायचे, सून सरू बाळंतपणासाठी आईबरोबर बुऱ्हाणपूरला जाणार, आणि तिच्याबरोबर हे टोपलंही जाणार, असं ठरलं होतं. सुपडूला एवढंच हवं होतं की सरूनं जावं आणि टोपल्यानं जाऊ नये. आणि का जाऊ नये, ते त्याला कोणी विचारू नये.

टोपल्याच्या एका बाजूला विहीणबाई मालूबाई बसली होती. बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याच्या आत तिचं घर, नवरा हातमागावर, आणि तोंड असं की बाजारात भाव करायला शेजारणी तिला मुद्दाम बरोबर नेत. दुसऱ्या बाजूला सुपडूची बायको गोदाबाई. खांबाला टेकून शेजारचा दगा, ज्याला उन्हाळ्यात काही काम नसे आणि जो पावसाळ्यात सापडत नसे. सरू आत, दाराच्या आड, डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

या टोपल्याची पुरी हकिगत सुपडूखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. ती अशी.

चैत्र संपता संपता सरूला सातवा लागला आणि डोहाळे बळावले. चिंच नको, कैरी नको, तिला मासा हवा होता, आणि तोही तलावातला. तापीच्या माशाला वाळूचा वास येतो म्हणे. घरात पहिलंच नातवंड येणार. गोटू, म्हणजे सुपडूचा मुलगा, दिवसभर केळीच्या पाण्यात गुंतलेला. तेव्हा डोहाळजेवणाला मासे आणायचं काम सुपडूनं अंगावर घेतलं आणि गावभर सांगून टाकलं की यंदा प्रत्येक ताटात मरळ पडणार.

मासे धरायची गावाची एक जुनी रीत होती. उन्हाळ्यात तलाव आटायचा, मधल्या खळग्यात मांडीभर पाणी उरायचं. मग डोईफोडियाच्या जंगलातून गेळाची फळं यायची. ती कुटून पाण्यात कालवली की घटकाभरात मासे गुंगून वर तरंगत. माळकरी घरं सोडली तर सगळं गाव पाण्यात उतरे. गेळानं माशाला झिंग येते, खाणाऱ्याला काही होत नाही. पाणीही दोन-तीन दिवसांत निवळतं, गुरं पुन्हा प्यायला लागतात. गेळ घालायच्या आधी मात्र एक काम ठरलेलं असे. पोटात अंडी असलेल्या मरळी, थोड्या वामी आणि ओंजळ ओंजळ पिल्लं टोपल्यांनी उचलून वरच्या अंगाच्या डबऱ्यात नेऊन सोडायची. याला बीज काढणं म्हणत. चौथ्या दिवशी ते बीज परत तलावात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची सोय झाली. हे काम पंचवीस वर्षं सुपडूकडे होतं, आणि एवढ्या एका बाबतीत तो कधी थाप मारत नसे.

यंदा घोळ झाला तो गेळाचा. दरवर्षी डोईफोडियाचा कडू पोतंभर फळं आणून टाकी. यंदा कडूला हिवतापानं धरलं, तो अंथरुणातून उठलाच नाही. डोहाळजेवण तोंडावर आलं आणि गावात गेळाचं एक फळ नव्हतं.

सुपडूच्या गोठ्यात मात्र एक डबा होता. तीन-चार वर्षांपासून बुऱ्हाणपूरहून डास मारणाऱ्यांची टोळी गावात येई. भिंतीवर पंपानं औषध मारत, चौकटीवर गेरूनं तारीख लिहीत आणि जात. सुपडूचा पुतण्या निंबा त्याच टोळीत होता, म्हणून सामान सुपडूच्या गोठ्यात राही. या खेपेला जाताना एक भरलेला डबा मागे विसरला. आत पांढरी पूड. निंबानं एकदा ती तळहातावर घेऊन समजावलं होतं, "काका, डास मरते, ढेकूण मरते, माणसाला काहीच नाही. आम्ही तर हातानंच कालवतो."

सुपडूनं त्यावर दोन दिवस विचार केला. बारक्या जिवाला भारी आणि माणसाला काही नाही, असं जगात त्याला एकच माहीत होतं, ते म्हणजे गेळ. तेव्हा ही पूडही तसलीच. जंगलात होतं ते रानगेळ, डब्यात होतं ते सरकारी गेळ. एकदा हे नाव सुचल्यावर त्याच्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली, कारण स्वतःच्या तोंडून निघालेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा गावात तो एकटाच होता.

त्यानं रीतीप्रमाणे आधी बीज काढून डबऱ्यात सोडलं. मग एका दुपारी, गाव निजलेलं असताना, बादलीत पूड कालवून खळग्यात चारी अंगानं ओतली. डबा रिकामा होईपर्यंत ओतली. गावाला सांगितलं, कडूकडून गेळ आणलंय.

गेळ घटकाभरात काम करतं. इथे संध्याकाळ झाली तरी पाणी गप्प. सरकारी काम आहे, उशीर व्हायचाच, असं म्हणून सुपडू बांधावर बिड्या ओढत बसला. दिवस मावळायला मासे वर आले. पण गेळाचे मासे झोपाळल्यासारखे तरंगतात. हे तरंगत नव्हते. थरथरत होते, स्वतःभोवती फिरत होते, काही तर उड्या मारून चिखलावर येऊन पडले. लोकांना त्याचं काय? हातानं उचलायचे मासे मिळाले. मरळ, शिंगटी, वाम, झिंगे, सगळं. म्हातारीकोतारी म्हणाली, असं गेळ आजवर कोणी घातलं नव्हतं. सुपडूनं त्या रात्री मिशीला पीळ दिला.

डोहाळजेवण दणक्यात झालं. गाव जेवलं. कोणाला काही झालं नाही. सरूनं दोनदा मागून घेतलं. उरलेले मासे गोदाबाईनं चिरून, मीठ लावून अंगणात केळीच्या सोपटांवर वाळत घातले. हेच ते टोपलं.

चौथ्या दिवशी सुपडू बीज सोडायला गेला. पाणी निवळलं होतं. नको इतकं निवळलं होतं. तळाचा चिखल दिसत होता आणि त्यात काही हलत नव्हतं. पाण्यावर एरवी भोवऱ्यासारखे फिरणारे काळे किडे नव्हते, काठाला बेडूक नव्हते. मेलेले मासे अजून वर येत होते, आणि त्यांचा वास सुटला होता. सुपडूनं पहिलं टोपलं पाण्यात उलटं केलं आणि बिडी पेटवली. बिडी अर्धी जळायच्या आत अंडी धरलेली एक मोठी मरळ थरथरली, कुशीवर पडली आणि पांढरं पोट वर करून त्याच्या पायाशी आली. मग दुसरी. मग पिल्लं, एकदम सगळी, जसे कोणी तांदूळ सांडावेत. उरलेलं बीज त्यानं डबऱ्यातच राहू दिलं आणि तो घरी आला. त्या दिवशी त्यानं कोणाला एकही गोष्ट सांगितली नाही. गोदाबाईनं त्याला अंगात कणकण आहे का म्हणून विचारलं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत त्यानं जे पाहिलं, ते त्यानं मुद्दाम जाऊन पाहिलं. बगळे आले, त्यांनी काठावरचे मासे गिळले. दोन दिवसांनी एक बगळा ताडी प्यायल्यासारखा चालत बाभळीशी गेला आणि मान टाकून पडला. मग आणखी तीन. मग खंड्या. ज्या कावळ्यानं मेलेला बगळा फाडला, तोही दुसऱ्या दिवशी बांधावर सापडला. सुपडूला शाळा नव्हती, पण पाण्याकाठी जन्म गेला होता. बगळा काही पाणी पीत बसला नव्हता. त्यानं मासा खाल्ला होता. माशानं किडा खाल्ला होता. कावळ्यानं तर तलावात चोचही बुडवली नव्हती. म्हणजे पूड पाण्यात बसून राहिली नव्हती. ती एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात चालत निघाली होती, आणि वाटेत ती कमी होते असं काही दिसत नव्हतं. उलट, मोठ्याला जास्त.

आणि ज्याच्यासाठी ती पूड बनली, तो डास तेवढा मजेत होता. पंधरा दिवसांत पाण्यावर वळवळणाऱ्या अळ्यांचा थर धरला. त्यांना खाणारं पाण्यात आता कोणी नव्हतं.

तीन दिवसांपूर्वी घरचं मांजर गेलं. अंगणातल्या सोपटांवरून ते रोज एखादा मासा पळवत होतं. चुलीपाशी ताठ झालं, चारी पाय थरथरले, संपलं. गोदाबाई म्हणाली, साप चावला. सुपडू म्हणाला, हो, मी पाहिला, हातभर रुंद होता. आणि मांजर पुरून आल्यावर तो ओट्यावर बसून बोटं मोजायला लागला. किडा, मासा, बगळा, कावळा, मांजर. पुढचा नंबर टोपल्याचा होता. टोपल्यानंतर सरूचा. आणि सरूच्या आत आणखी एक.

दोनदा त्यानं टोपलं नाहीसं करायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ते उकिरड्यापर्यंत नेलं, तर गोदाबाईनं मागून येऊन हिसकावलं. तिला वाटलं, म्हातारा सुनेच्या वाट्याचे मासे ताडीवाल्याला द्यायला चालला. दुसऱ्यांदा कुत्र्यानं नेलं म्हणून सांगितलं, तर ते तिला गवताच्या गंजीत सापडलं. त्यानंतर ती टोपलं उशाशी घेऊन झोपली. खरं सांगणं हा एक उपाय उरत होता. पण त्यात निंबाची नोकरी होती, अर्ध्या गावाच्या पोटात गेलेलं जेवण होतं, मेलेलं बीज होतं. शिवाय घडलेली गोष्ट कशी सांगतात, याचा सुपडूला सराव नव्हता.

म्हणून आज, बैल जुंपायला तासभर असताना, त्यानं आपलं जुनं हत्यार काढलं.

तो म्हणाला, चांदनी स्टेशनवरच्या एका पॉइंट्समननं गेल्या आठवड्यात या तलावाचा मासा खाल्ला. रात्री त्याचं पोट आतून पेटलं, हिरवंगार. तो लोटा घेऊन रुळाकडेला बसला होता, तर ड्रायव्हरला वाटलं सिग्नल पडला. मेल गाडी न थांबता खंडव्याला. बिचाऱ्याला आता उताणं झोपायची बंदी आहे.

दगा खांबाला धरून हसला. मालूबाईनं फडक्याची एक गाठ मारली.

"मग तर नेतेच, व्याही. घरात रॉकेल मिळून नाही राहिलं."

सुपडूनं घाम पुसला. तो म्हणाला, रॉकेलचं जाऊ द्या, हे मासे रात्री बोलतात. काल त्यानं स्वतः ऐकलं. टोपल्यातून आवाज आला, सुपडूभाऊ, पाणी पाज. एकेक मासा नाव घेऊन हाक मारत होता.

"बोलू द्या," मालूबाई म्हणाली. "तुमच्यापेक्षा खरं बोलतील."

आता गोदाबाईही हसली. दुसरी गाठ बसली. सुपडूच्या ध्यानात आलं की तो जितकं चांगलं सांगतोय, तितकं टोपलं घट्ट बांधलं जातंय. पन्नास वर्षांची कमाई आज त्याच्यावरच उलटली होती. त्यानं आवाज खाली आणला. या खेपेला म्हैस नाही, मेल गाडी नाही. तो म्हणाला, बगळे मरून राहिले, ते तरी पाहिलं का तुम्ही? खंड्या मेला. कावळा मेला. आपलं मांजर मेलं, ते सापानं नाही.

दगाचं हसू थांबलं. बगळे त्यानंही पाहिले होते, आणि बेडूक कसे गप्प झाले म्हणून त्याची बायको परवाच बोलली होती. गोदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. सापाचं तिनंच काढलं होतं, पण मनातून तिलाही तो साप पटला नव्हता.

"मग कशानं मेलं?" मालूबाईनं विचारलं. तिचा हात गाठीवर थांबला होता.

हाच तो प्रश्न, जो कोणी विचारायला नको होता. पण हात थांबला होता, आणि सुपडूनं ते पाहिलं.

तो म्हणाला, कोणीतरी पाण्यात विष टाकलं. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी तो स्वतः गेळ आणायला डोईफोडियाला गेला होता, कडूकडे, दिवसभर. मागे कोणी परका माणूस आला, तोंड बांधून, तट्टावर बसून. गुराख्यांनी लांबून पाहिला. काय टाकलं ते देव जाणे. गेळात ते मिसळलं आणि माशांत उतरलं. हे मासे खाण्यासारखे नाहीत, विहीणबाई, ते पुरून टाका.

एवढी साधी गोष्ट सुपडूनं आयुष्यात सांगितली नव्हती. तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच असेल, ती सगळ्यांनी एका घोटात गिळली. मालूबाईनं टोपल्यावरचा हात काढला आणि पदराला पुसला. गोदाबाई पुटपुटली, तरीच हा ते उकिरड्यावर नेत होता. सुपडूला छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

मग दगा उभा राहिला.

"तट्टू म्हणाला ना तू?" त्यानं विचारलं. "गावच्या अंगाला तट्टू एकाचंच आहे. खालच्या वस्तीवरच्या लोटूचं."

सुपडू म्हणाला, तसं काही नाही, तट्टं पुष्कळांकडे असतात. पण दगाचं डोकं वर्षातून एकदाच चालत असे आणि ते आज चालू झालं होतं. पाण्याच्या पाळीवरून लोटूचं सगळ्या गावाशी वाकडं. मागच्या महिन्यात तो बांधावर येऊन म्हणाला नव्हता का, की तुमचा तलाव एक दिवस कोरडा पाडतो? गोदाबाईला ते आठवलं. मालूबाईलाही, लोटूला कधी पाहिलं नसूनही, तो माणूस बरा नाही हे पटलं. गर्भारशीच्या ताटात विष कालवणारा, ती म्हणाली, त्याला चौकात बांधा. दगानं भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि आणखी दोघातिघांना बोलावतो म्हणून ओट्याची पायरी उतरला. सुपडूनं त्याला थांब म्हणायला तोंड उघडलं. थांब म्हटलं की का, ते सांगावं लागलं असतं.

दाराच्या आडचा पदर हलला. सरू उंबऱ्यावर आली. दोन वर्षं झाली होती तिला या घरात. सासऱ्यासमोर, चार माणसांत, तिनं आजवर "हो" शिवाय शब्द काढला नव्हता. एक हात पोटावर आणि एक चौकटीवर, गेरूच्या तारखेशेजारी, ठेवून ती उभी राहिली.

"दगाभाऊ, मागं फिरा," ती म्हणाली. "मामाजी खोटं बोलून राहिले."

दगा पायरीवरच वळला. मालूबाईनं लेकीला गप्प बसवायला हात वर केला, पण सरू आईकडे पाहत नव्हती.

"तुम्ही त्या दिवशी डोईफोडियाला नव्हते, मामाजी. मी भाकर घेऊन बांधावर आले होते. तलावात तुम्हीच होते, एकटे, बादली घेऊन. निंबाभाऊच्या डब्यातली पांढरी पूड कालवून राहिले होते. मले वाटलं, गेळासंगं चुना टाकतात." तिनं श्वास घेतला. "लोटूभाऊचं नाव नका घालू. आणि माझ्या पोटात काय गेलं ते सांगा. गोष्ट नका सांगू."